साताऱ्याचं समन्स न्यू जर्सीला कधी पोचतं?

शिवेवरचा_आंबा (धागाकर्ता)

मंडळी नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहायची वेळ आली.

आमचा वाटणीचा दावा चालू आहे. जिल्हा सातारा, तालुक्याचं कोर्ट. कुठलं ते सांगत नाही, अजून तिथं उभं राहायचंय. आजोबांच्या नावची साडेचार एकर जमीन आणि त्यात एक विहीर. वादी माझे वडील, प्रतिवादी सात जण. सहा जण गावात नाहीतर पुण्यात, त्यांना बेलीफ समन्स देऊन आला, कैफियती (लेखी उत्तरं) पण दाखल झाल्या. सातवा माझा चुलतभाऊ, अमेरिकेत, न्यू जर्सीला. त्याच्या एकट्यापायी दावा चौदा महिने एका जागी उभा आहे. कोर्टाच्या रोजनाम्यात दर तारखेला तीच ओळ, प्रतिवादी क्रमांक सातच्या समन्सचा अहवाल नाही.

हे समन्स म्हणे हेगच्या करारानुसार दिल्लीमार्गे जातं. मागच्या महिन्यात कळलं की ते परत आलंय. का, तर दाव्याची प्रत मराठीत होती आणि इंग्रजी भाषांतर जोडलेलं नव्हतं. ज्यांनी कागद तयार केले त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

त्याच आठवड्यात भाची लॉ कॉलेजला आहे म्हणून तिच्याबरोबर एका व्याख्यानाला गेलो. विषय: न्याय सर्वांपर्यंत पोचवण्यासाठी आंतरराष्ट्रीय सहकार्य. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये सतरा उद्दिष्टं ठरवली, त्यातलं सोळावं न्यायाचं, युरोपातले देश एकमेकांच्या कोर्टांचा वेग मोजतात, वगैरे. एरवी असल्या कार्यक्रमात मला डुलकी लागते. त्या दिवशी लागली नाही, रागच आला.

तर प्रश्न असा: हे सहकार्य आमच्यासारख्याला नेमकं कुठं भेटतं? का परिषद, शाल, श्रीफळ आणि फोटो एवढंच?

तारीखपंत

पहिला!

चौदा महिन्यांत रडताय होय? आमच्या दाव्यात वादी, प्रतिवादी आणि दोघांचे वकील असे चौघंही वारले. दावा ठणठणीत आहे.

ॲड_काळाकोट

धागाकर्ते, आधी तुमच्या समन्सचं बोलू, जगाचं नंतर.

परदेशात समन्स बजावण्याचा हेग करार १९६५ चा. भारत त्यात उशिरा गेला, आपल्याकडं तो लागू झाला २००७ पासून. त्यात प्रत्येक देश एक मध्यवर्ती प्राधिकरण नेमतो. आपल्याकडं ते काम दिल्लीतल्या कायदा मंत्रालयाकडं आहे. ठरलेल्या नमुन्यात विनंती, सगळे कागद दोन प्रतींत, आणि ज्या देशात पाठवायचं तिथल्या भाषेत भाषांतर. तिकडून समन्स बजावल्याचं प्रमाणपत्र येतं आणि ते आपल्या कोर्टात दाखल होतं. तालुक्याच्या कोर्टाची भाषा मराठी, त्यामुळं दाव्याची प्रत मराठीच असणार. भाषांतर करून द्यायचं काम पक्षकाराचं. हे वकिलांनी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. माझ्या बिरादरीची चूक आहे, मान्य.

आता लोकांना सहसा माहीत नसलेली गोष्ट. कराराच्या पंधराव्या कलमात अशी सोय आहे की कागद रीतसर पाठवले, सहा महिने उलटले, पाठपुरावा करूनही प्रमाणपत्र आलं नाही, तर न्यायाधीश पुढं जाऊ शकतात. भारतानं तसं जाहीर केलेलं आहे. पण "रीतसर पाठवले" हा शब्द लक्षात घ्या. तुमचे रीतसर गेलेच नव्हते. म्हणजे घड्याळ शून्यापासून.

शिवेवरचा_आंबा

काळाकोट साहेब, धन्यवाद म्हणू का डोकं आपटू?

गलाईवाला_विटा

आमच्या भागातली पोरं सोन्याचांदीच्या गलाईला, म्हंजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्याला, देशभर पांगल्यात. मदुराईला हायत, कलकत्त्याला हायत. तिथं समन्स पाठवायला हेग लागत नाही तरी वर्ष जातंय. बेलीफ तिथला, पत्ता गल्लीतला, आन दुकानावर पाटी दुसऱ्याच्या नावाची. तुमच्या भावाचं निदान घर तरी सापडंल.

माजी_शिरस्तेदार

एकतीस वर्षं कोर्टाच्या कचेरीत नोकरी झाली, चार तालुक्यांत. कुठली कोर्टं ते लिहीत नाही.

लोकांना वाटतं उशीर न्यायाधीशांच्या टेबलावर होतो. काही होतो, नाकारत नाही. पण बोर्डावर (दिवसाच्या यादीत) सत्तर प्रकरणं असली तर त्यातली चाळीस-पंचेचाळीस न्यायाधीशांमुळं नव्हे, कागदामुळं थांबलेली असत. समन्स बजावून आलं नाही. वारस दाखल व्हायचेत. मोजणीचा नकाशा भूमी अभिलेखकडून यायचाय. कोर्ट कमिशनर जागेवर गेला तर ऊस उभा, म्हणाला तोडणी झाल्यावर येतो. पट्टेवाला पुकारा करायचा, वकील उभे राहायचे, "वेळ मिळावी", मी तारीख टाकायचो. एका प्रकरणाला दीड मिनिट. पक्षकार मात्र पहाटेच्या एसटीनं आलेला असायचा.

मला एकतीस वर्षांत एकदाही वरून कुणी विचारलं नाही की शिरस्तेदार, तुमच्याकडं प्रकरणं नेमकी कुठं अडतात. किती अडली ते दर महिन्याला विचारायचे. कुठं, ते नाही.

कृष्णाकाठची_अनु

शिरस्तेदार काका, तुमच्या शेवटच्या दोन ओळींसाठी दंडवत.

माहेर सांगली, सध्या मुक्काम नेदरलँड्स, शिकले न्यायालय प्रशासनावर, म्हणून थोडं लिहिते. व्याख्यानात ज्याचा उल्लेख झाला असावा ती संस्था म्हणजे न्यायाच्या कार्यक्षमतेसाठीचा युरोपीय आयोग. युरोप परिषदेनं २००२ मध्ये काढला. (युरोपीय संघ वेगळा, ही परिषद वेगळी, ४६ देशांची.) हा आयोग कुणाच्या निकालात डोकावत नाही. तो फक्त मोजतो, आणि मोजायला शिकवतो.

मुख्य मापं दोनच. एक, वर्षात जेवढे दावे आले त्याच्या किती टक्के निकाली निघाले. शंभराच्या खाली असाल तर ढीग वाढतोय. दुसरं, पडून असलेले दावे भागिले वर्षभरात निकाली काढलेले दावे, गुणिले ३६५. समजा एका कोर्टात १२०० दावे पडून आहेत आणि वर्षाला ४०० निघतात, तर उत्तर १०९५ दिवस. आज नवा दावा टाकणाऱ्याला साधारण तीन वर्षं लागतील. पाटी लावता येईल इतकं सोपं.

पण खरी गंमत पुढं आहे. ते एका दाव्याचे तुकडे पाडतात. दाखल ते समन्स किती दिवस, समन्स ते पहिली सुनावणी किती, पुरावा किती, निकाल लिहायला किती. काका जे म्हणतात ते "कुठं" यातून दिसतं. हीच पद्धत त्यांनी युरोपाबाहेर मोरोक्को, ट्युनिशिया, जॉर्डनमधल्या काही कोर्टांतही नेली. बाहेरचे तज्ज्ञ आले, पण माहिती भरायला तिथलेच कारकून बसले.

आणखी एक, पक्षकारांची प्रश्नावली. आत काय चाललंय ते कळलं का, बसायला जागा होती का, किती वेळ थांबलात. आपल्याकडं हे कोण विचारतं?

तारीखपंत

बसायला जागा होती. व्हरांड्याच्या कठड्यावर, दोन कुत्र्यांच्या मधे.

बेदाणा_सौदा

अनुताई, माहिती छान, पण मापाचं कौतुक मला सांगू नका. जागतिक बँकपण मोजत होतीच की. धंदा करायला कुठला देश किती सोपा, त्याचा अहवाल. करार अंमलात आणण्यात भारत १९० देशांत १६३ वा, आणि एका दाव्याला १४४५ दिवस. हे २०२० च्या अहवालातलं. कुणाला विचारून? मुंबई आणि दिल्ली. तासगाव मार्केट यार्डात कुणी आलं नव्हतं. आणि मग कळलं की त्याच अहवालाच्या आकड्यांत गडबडी झाल्यात, आणि २०२१ ला बँकेनं तो बंदच केला. दुसऱ्याच्या फूटपट्टीनं आपलं शेत मोजलं की असं होतं.

कृष्णाकाठची_अनु

बेदाणा काका, मान्य. क्रमवारी आणि मोजमाप यात फरक आहे एवढंच म्हणते. तो युरोपीय आयोग देशांना पहिला-दुसरा नंबर देत नाही. तक्ते छापतो, तुम्ही बघा. क्रमवारी आली की सरकारं कोर्ट सुधारत नाहीत, उत्तरपत्रिका सुधारतात.

माजी_शिरस्तेदार

उत्तरपत्रिका सुधारणं आम्हालाही जमायचं. लोक अदालत आली की किरकोळ दंडाची आणि तडजोडीला तयार असलेली प्रकरणं त्या दिवसासाठी राखून ठेवायची. एका रविवारी आकडा असा फुगायचा की बघायला नको. वाटणीचे दावे मात्र कपाटात तिथंच. म्हणून अनुताईंचं पहिलं माप एकट्यानं वापरू नका. सोपी प्रकरणं काढून शंभर टक्के कुणीही दाखवील.

लोक अदालत वाईट असं मी म्हणत नाही. तिथला निवाडा अंतिम, वर अपील नाही, कोर्ट फी परत. दोन भावांचं मिटत असेल तर त्यासारखं दुसरं काही नाही.

माहुलीकर

सहज आठवलं, रामशास्त्री प्रभुणे आमच्या माहुलीचे. पेशव्यांच्या घरातल्या खुनाचा निवाडा पेशव्याच्या चुलत्याविरुद्ध दिला. तारीख किती पडल्या असतील?

पॉवईनाका

तिथं समन्स बजावायला शनिवारवाड्याच्या बाहेर जायची गरज नव्हती हो.

देशी_बाणा

मला या विषयातच खोट दिसते. न्यायसंस्था हे सार्वभौमत्वाचं काम. त्यात परदेशी पैसा, परदेशी सल्लागार कशाला? उद्या ते म्हणतील कायदेही आमचेच घ्या. इंग्रज गेले, त्यांचा दिवाणी संहितेचा १९०८ चा कायदा अजून चालूच आहे, तेवढं पुरे नाही का?

ॲड_काळाकोट

बाणा साहेब, पैशाचा धसका घेऊ नका. कोर्टांचं संगणकीकरण आपल्याच तिजोरीतून झालंय. ई-कोर्ट्सचा तिसरा टप्पा २०२३ ला मंजूर झाला तो ७,२१० कोटींचा, सगळा केंद्र सरकारचा. आज तुम्ही सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर (प्रकरणाचा ओळख क्रमांक) टाकून मोबाईलवर तारीख बघता तो याच संगणकीकरणातून आला. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाबरोबर न्याय विभागानं प्रकल्प केले ते मुख्यतः कायदा साक्षरतेचे, गोरगरिबांना आपले हक्क कळावेत म्हणून. त्यानं काही सार्वभौमत्व खाल्लं नाही.

आता उलट बाजू. आपल्याकडं दहा लाख लोकांमागे न्यायाधीश साधारण एकवीस. विधी आयोगानं १९८७ मध्येच पन्नास हवेत म्हणून सांगितलं होतं. युरोपातली सरासरी एका *लाखामागे* वीसच्या वर आहे. कुठल्याही देशाचा सल्लागार आणा, एकवीसला गुणायचं सूत्र त्याच्याकडं नाही. तो खर्च आपणच करायचा.

गलाईवाला_विटा

म्हंजे तिकडं धापट न्यायाधीश?

ॲड_काळाकोट

दहापट. हो. त्यांच्याकडं एक न्यायाधीश फक्त भाडेकरूंचे दावे बघत बसलेला असतो. आपल्याकडं तोच माणूस सकाळी चेक बाउन्स, दुपारी पोटगी आणि संध्याकाळी बांधाचा वाद.

आटपाडकर

बाणा साहेबांना एक गोष्ट सांगतो, परदेशी माणसाची आहे म्हणून लगेच उडवून लावू नका.

औंध संस्थान. ७२ गावांचं, आज मुख्यतः सातारा-सांगलीत विखुरलेलं, आमची आटपाडी त्यातलीच. १९३९ ला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी राज्यकारभार प्रजेकडं सोपवला. ती घटना लिहायला गांधीजींचा सल्ला होता, राजपुत्र अप्पासाहेब होते, आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा एक पोलिश इंजिनिअर होता. गाव पंचायतींना कारभाराबरोबर न्यायदानाचे अधिकार दिले. भांडण गावात, पंच गावचे, निकाल गावात. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं, कैद्यांची मुक्त वसाहत. बेड्या नाहीत, कैदी शेती करतात. ती आजही आहे. आमच्या आजीला त्यातलं एवढंच आठवायचं की कैदी बाजाराला यायचे आणि पैसे चोख द्यायचे.

तेव्हा आंतरराष्ट्रीय सहकार्य आमच्या माळावर ८५ हून जास्त वर्षांपूर्वीच येऊन गेलंय. त्याला व्याख्यान नव्हतं, खादी घातलेला एक गोरा माणूस होता.

पॉवईनाका

आटपाडकर, क्या बात है. आणि तेवढ्यात १९४३ ते ४६ मधल्या साताऱ्याच्या प्रतिसरकारची न्यायदान मंडळं पण आलीच. तिथं अंमलबजावणीला दरखास्त लागत नसे.

तारीखपंत

दरखास्त नाही, पत्री लागायची. निकालाची तामिली तळपायावर.

माजी_शिरस्तेदार

हसण्यावारी नेऊ नका. तामिली, म्हणजे निकालाची अंमलबजावणी, हाच खरा रोग आहे. निकाल लागला म्हणजे न्याय मिळाला हे फक्त सिनेमात. दिवाणी निकालानंतर दरखास्त टाकावी लागते, ती वेगळा दावा असल्यासारखी चालते. देशभरात ८ लाख ८२ हजारांहून जास्त दरखास्ती पडून असल्याचं २०२५ ला सर्वोच्च न्यायालयापुढंच आलं, आणि सहा महिन्यांत निकाली काढा म्हणून आदेशही झाला.

धागाकर्त्यांनी हेपण लक्षात ठेवावं. तुमच्या दाव्यात प्राथमिक हुकूमनामा (कुणाचा किती हिस्सा ते ठरवणारा) झाला तरी शेतजमीन आहे, म्हणजे दिवाणी संहितेच्या कलम ५४ खाली कागद जिल्हाधिकाऱ्यांकडं. तिथून तहसील, तहसीलातून भूमी अभिलेख, मोजणी, मग ताबा. न्यू जर्सी त्या मानानं जवळ आहे.

शिवेवरचा_आंबा

शिरस्तेदार काका, तुम्ही धीर द्यायला आलात का घाबरवायला?

मिरजेची_सतार

मी सहसा लिहीत नाही, पण इथं अनुभव सांगते. नाव-गाव विचारू नका.

माझ्या मावसबहिणीचं लग्न मिरजेत झालं, नवरा अमेरिकेत. दीड वर्षात तो तिला इथं सोडून गेला आणि तिकडच्या कोर्टातून एकतर्फी घटस्फोटाचा कागद पाठवला. तिला कुठलं समन्स, कुठलं काय, काही नाही. घरच्यांना वाटलं, अमेरिकेच्या कोर्टाचा शिक्का आहे म्हणजे संपलं. दोन वर्षं ती तशीच बसून होती, दागिने तिकडच्यांकडं, पोटगी मागायला जायचं धाडस नाही.

मग कुणीतरी सांगितलं की बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. खोटं वाटलं. पण खरंच तसं आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात बाया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतले, अपंग यांना उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा फोन नंबर. कोर्टाच्या आवारातल्या समितीच्या खोलीत गेलो. टेबलावर एक पंखा, एक रजिस्टर आणि एक अगदी तरुण वकील मुलगी. तिनं तो कागद वाचला आणि म्हणाली, "ताई, हा आपल्याकडं चालत नाही." १९९१ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं असेल, बायको त्या कोर्टासमोर गेलीच नसेल आणि आपल्या कायद्यात नसलेलं कारण असेल, तर परदेशी घटस्फोट इथं मानायचा नाही.

बहीण खुर्चीतून उठून बाहेर गेली आणि नळावर जाऊन तोंड धुतलं. तो दिवस मला आठवतो. पुढचं सगळं सोपं झालं असं नाही. पोटगी मंजूर झाली, पण वसूल कशी करणार, तो तिकडं. अमेरिकेचं कोर्ट आपला पोटगीचा हुकूम सरळ मानत नाही. म्हणजे तिकडचा कागद इथं येऊन धडकतो, इथल्याला तिकडं जायला वाट नाही. मला कुणी आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे काय विचारलं तर मी म्हणेन, ही वाट दोन्हीकडून उघडा.

ॲड_काळाकोट

सतारताई, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. थोडी भर. परदेशी निकाल सरळ अंमलात आणायची सोय दिवाणी संहितेच्या ४४अ कलमात आहे, पण सरकारनं अधिसूचित केलेल्या देशांपुरती. इंग्लंड आहे, सिंगापूर आहे, २०२० पासून संयुक्त अरब अमिराती आहे. अमेरिका नाही. तिकडच्या निकालावर इथं नव्यानं दावा करावा लागतो.

हळद_बाजार

द्राक्षाच्या कंटेनरची आमची गोष्ट. भाऊ निर्यात करतो. एका वर्षी युरोपातल्या खरेदीदारानं माल पोचल्यावर "मणी गळाले" म्हणून फोटो पाठवले आणि पैसे निम्मे कापले. करारात लिहिलेलं, वाद झाला तर लवाद, तोही तिकडंच. आता १९५८ च्या न्यूयॉर्क कराराचं नाव सगळे घेतात. १७० हून जास्त देश त्यात आहेत, एका देशातला लवादाचा निवाडा दुसऱ्यात चालतो. खरंय, चालतो. पण लवादाची फी, तिकडचा वकील आणि तपासणीचा अहवाल धरला तर रक्कम आमच्या कापलेल्या पैशांच्या दुप्पट. भावानं सोडून दिलं.

युरोपातल्या दोन देशांतल्या दोन माणसांचं पाच हजार युरोपर्यंतचं भांडण असेल तर त्यांच्याकडं साध्या फॉर्मवर चालणारी पद्धत आहे, वकीलही लागत नाही. ती आपसातली. आमच्यासाठी नाही. मोठ्यांच्या भांडणाला जग एक होतं, लहानाच्या भांडणाला सीमा आड येते.

मध्यस्थीचा सिंगापूर करार म्हणून एक आहे, भारतानं पहिल्याच दिवशी, ७ ऑगस्ट २०१९ ला सही केली. मंजुरी काही दिली नाही. सही केल्याचा फोटो छान आला होता.

शिवेवरचा_आंबा

बघा, फोटो!

बेदाणा_सौदा

हळदभाऊ, पुढच्या करारात तपासणी आपल्या पॅक हाउसला, आपल्या माणसासमोर, असं लिहा. कोर्टापर्यंत जायचंच नाही हीच खरी कार्यक्षमता.

गोदाकाठी_माहेर

बांगलादेशचं कुणी बोललं नाही. तिकडं ग्राम न्यायालयं आहेत, २००६ चा कायदा. पाच जण बसतात, युनियन परिषदेचा (तिथल्या गाव पंचायतीचा) अध्यक्ष आणि दोन्ही बाजूंनी निवडलेले दोन-दोन. फी दहा-वीस टका. कायदा कागदावर पडून होता, मग युरोपीय संघ आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीनं २००९ पासून तो चालवून दाखवला. कारकून नेमले, नोंदवह्या दिल्या, खुर्च्या-टेबलं दिली. मदत म्हणजे काय तर नोंदवही. आपलाही ग्राम न्यायालयांचा कायदा आहे, २००८ चा. आपल्या तालुक्यात आहे का ते प्रत्येकानं बघा आणि इथं लिहा.

गलाईवाला_विटा

दोन्ही बाजूंनी दोन-दोन? मग तिथंच मारामारी.

गोदाकाठी_माहेर

होत नाही, कारण आपला माणूस आत बसलाय म्हटल्यावर बाहेरचा गप्प बसतो. आपल्याकडं लग्नाच्या बैठकीत मामा बसवतात ते कशासाठी?

पॉवईनाका

न्याय जवळ यावा म्हणत असाल तर आमच्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट ऑगस्ट २०२५ ला झाली. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापूरला. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्हे. चाळीस वर्षांहून जास्त काळ वकील आणि पक्षकार झगडत होते. माझे वडील अपिलासाठी रात्रीची महालक्ष्मी धरायचे, पहाटे सीएसटीला उतरून स्टेशनवरच तोंड धुवायचे, दिवसभर थांबायचे, "आज बोर्डावर नंबर येत नाही" ऐकून रात्री परत. डब्यात धपाटे असायचे, परतीच्या वेळेला कडक झालेले. आता माणूस सकाळी निघून संध्याकाळी घरी. यात हेग नाही, युरोप नाही.

कृष्णाकाठची_अनु

पॉवईनाका, आणि तरी बघा, लोकसंख्येमागे कोर्टं किती ठिकाणी आहेत, हे मापही ते तक्त्यात घेतात. :)

ॲड_काळाकोट

अवांतर होतंय पण सांगतोच. अंतर कमी करायचं तर सगळ्यांनी गाडी धरायची गरज नाही. महाराष्ट्राच्याच एका खटल्यात, डॉ. प्रफुल्ल देसाईंच्या, सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष व्हिडिओवर घ्यायला परवानगी दिली. तेव्हा इथल्या घरांत इंटरनेट फोनच्या तारेतून यायचं. आज तालुक्याच्या कोर्टात पडदा आहे.

आणि आंबासाहेब, या सगळ्यात तुम्हाला एक बाळबोध प्रश्न विचारायचा राहिला. तुमच्या चुलतभावाचा विरोध आहे का? समन्स म्हणजे फक्त बोलावणं. त्यानं स्वतःहून इथल्या वकिलाला वकीलपत्र दिलं किंवा कुणाला कुलमुखत्यार केलं आणि तो हजर झाला, तर हेगची गरजच नाही.

शिवेवरचा_आंबा

काळाकोट साहेब, नऊ वर्षं बोलणं नाही आमचं. काकांच्या तेराव्यापासून.

सौ_वाईकर

अहो मग फोन करा की! चौदा महिने दिल्लीला कागद पाठवता आणि भावाला फोन नाही?

तारीखपंत

वाईकर वहिनींना मध्यवर्ती प्राधिकरण नेमा.

देशी_बाणा

माझा आक्षेप कायम आहे, पण औंधची गोष्ट वाचून थोडा वेळ गप्प बसतो.

शिवेवरचा_आंबा

धागा वर आणतोय, तीन आठवडे झाले.

केला फोन. त्याच्या बहिणीकडून, कराडच्या, नंबर घेतला. रविवारी सकाळी आमचे सात, तिकडं शनिवारची रात्र. पहिली दोन मिनिटं दोघंही "बोल", "तू बोल". मग बेचाळीस मिनिटं बोललो, त्यातली पस्तीस विहिरीवर.

दोन गोष्टी कळल्या. एक, तो न्यू जर्सीत नाहीच. तीन वर्षांपूर्वी टेक्सासला गेला. म्हणजे भाषांतर जोडलं असतं तरी समन्स कुणा भलत्याच्याच दारात गेलं असतं. काळाकोट साहेब, पत्ता आम्ही दिलेला, वडिलांच्या जुन्या डायरीतून. वकिलांना उगाच बोललो एवढं.

दुसरं, जमिनीच्या वाटणीला त्याचा विरोध नाही. बहिणीच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून पाठवतो म्हणाला. नोटरी करून मग राज्याच्या कार्यालयातून अपोस्टील.

ॲड_काळाकोट

उत्तम. अपोस्टील म्हणजे १९६१ च्या हेग कराराचा शिक्का, भारतात २००५ पासून लागू. आधी वकिलातीच्या चकरा होत्या, त्या यात वाचतात. बघा, सहकार्य सापडलं तुम्हाला. दोन सूचना. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरून घ्या, बरेच जण इथंच अडकतात. आणि वकीलपत्र प्रत्यक्ष दाखल होईपर्यंत निवांत होऊ नका. पत्ता दुरुस्तीचा अर्ज आत्ताच देऊन ठेवा, भाषांतरही करून ठेवा. भाऊबंदकी आहे, उद्या फिरला तर?

माजी_शिरस्तेदार

काळाकोट बरोबर सांगतात. आणि अर्जावर पोच घ्या. शिक्क्यासकट.

शिवेवरचा_आंबा

अर्ज दिला, पोच घेतली, शिक्का थोडा पुसट आहे पण तारीख वाचता येते. पुढची तारीख २२.

विहिरीचं मात्र जमलं नाही. तो म्हणतो मोटर त्याच्या वडिलांनी बसवली, म्हणून पाण्याच्या पाळीत जास्तीचे दोन दिवस हवेत.

गलाईवाला_विटा

मोटर किती एचपीची हाय?

शिवेवरचा_आंबा

पाचची. २०१९ ला जळाली, तेव्हापासून विहिरीतच पडलीय.